मदत हवी आहे: कांदा निर्यातीचा पहिला सौदा, शुल्क किंवा बंदी मध्येच आली तर कोणती तारीख धरतात?

चाळकरी

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी विचारतोय. माल कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा, ५५ मिमीच्या वरचा. २० किलोच्या जाळीच्या गोण्या, १,४०० गोण्यांचा म्हणजे २८ टनांचा ४० फुटी रिफर (थंड ठेवणारा) कंटेनर. न्हावा शेवाहून मलेशियातलं पोर्ट क्लांग. आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची आरसीएमसी (सदस्य नोंदणी) आणि बँकेच्या एडी कोडची कस्टम्सकडे नोंदणी झालेली आहे. खरेदीदाराला सप्टेंबर ते नोव्हेंबर दरमहा दोन कंटेनर हवेत, आणि तिन्ही महिने एकच एफओबी भाव (माल जहाजावर चढवेपर्यंतचा).

अडचण अशी की या तीन महिन्यांत दिल्लीहून काहीही येऊ शकतं. प्रश्न:

१) शुल्क लागलं तर करार झाला त्या दिवशीचा दर धरतात, शिपिंग बिल (कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज) भरलं त्या दिवशीचा, की जहाज सुटलं त्या दिवशीचा?
२) बंदी आली आणि कंटेनर कसारा घाटात असेल तर काय?
३) करारात नेमकं काय लिहावं? सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो, "तेव्हाचं तेव्हा बघू."

गेटइन

सीएचएचं नुकसान होत नाही, म्हणून तो तेव्हाचं तेव्हा बघतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. शुल्क, किमान निर्यात मूल्य (एमईपी) आणि बंदी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्क अर्थ मंत्रालय सीमाशुल्काच्या अधिसूचनेने लावतं. एमईपी आणि बंदी डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालय) येतात, १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याखाली. कायदे वेगळे, म्हणून धरायची तारीखही वेगळी आणि पुरावाही वेगळा. "कांद्यावर निर्बंध आले" एवढी बातमी वाचून काहीच ठरत नाही. अधिसूचना कोणाची आहे ते आधी बघायचं.

तुमचा पहिला प्रश्न. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे शुल्काचा दर लागतो तो लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (एलईओ), म्हणजे माल जहाजावर चढवायची कस्टम्सची परवानगी, ज्या दिवशी मिळते त्या दिवशीचा. करार किंवा शिपिंग बिल कधीचं, याने दर ठरत नाही. शिपिंग बिल सोमवारी भरलं, मंगळवारी शुल्क लागलं, एलईओ बुधवारी मिळाली, तर शुल्क भरायचं. उलट एलईओ सोमवारीच हातात असेल आणि जहाज शुक्रवारी सुटणार असेल, तर मंगळवारच्या शुल्काचा तुमच्याशी संबंध नाही.

गंमत म्हणजे डॉलरचा दर मात्र शिपिंग बिल सादर केल्याच्या दिवशीचा धरतात, तोही कस्टम्सने जाहीर केलेला, बँकेचा नव्हे. एकाच कागदावर दोन तारखांचे दोन दर. हिशेब जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि एलईओ आपोआप येत नाही. माल बंदरात पोहोचून त्याची नोंद व्हावी लागते, कागद पुरे लागतात आणि शुल्क असेल तर ते आधी भरलेलं लागतं. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरच्या रोख खात्यात पैसे नसतील तर कंटेनर रिफर प्लगवर उभा राहतो आणि विजेचं भाडं चढत जातं. शुल्काची अफवा असली की एका कंटेनरच्या शुल्काएवढी रक्कम तयार ठेवा.

हिशेबवही

रक्कम किती तयार ठेवायची, ते सांगतो. आकडे उदाहरणापुरते. २८ टन, टनाला ४०० डॉलर, डॉलर ८५ रुपये. एफओबी ९,५२,००० रुपये. २० टक्क्यांनी शुल्क १,९०,४०० आणि ४० टक्क्यांनी ३,८०,८००, तेही एकाच कंटेनरला.

आता नवखे सौदेवाले फसतात ती जागा. "४० टक्के शुल्क लागलं तर भाव ४० टक्के वाढवू" असं म्हणतात. २००९ पासून शुल्क पूर्ण एफओबी किमतीवर लागतं, त्या किमतीत शुल्क धरलेलं आहे असं म्हणून वजावट मिळत नाही. म्हणजे भाव वाढवला की वाढीव भागावरही शुल्क. हातात १०० रुपये राहायचे असतील तर ४० टक्क्यांना एफओबी १६६.६७ लागते, २० टक्क्यांना १२५. सूत्र सोपं आहे: हवी असलेली रक्कम भागिले (१ वजा शुल्काचा दर). १४० रुपये लावून बसलात तर शुल्क ५६ जातं आणि हातात ८४ उरतात.

"शुल्क खरेदीदार वेगळं पाठवेल, बिलात दाखवायचं नाही" हा सल्लाही कोणीतरी देईल. ते पैसे मालाच्या किमतीचाच भाग आहेत अशी भूमिका कस्टम्स घेऊ शकतं, आणि मग कमी मूल्य दाखवल्याची नोटीस येते.

शिवाय शुल्क किंवा एमईपी लागू असलेल्या मालाला रोडटेपचा (निर्यातीच्या मालावर आधी बसलेले कर परत देणारी योजना) परतावा मिळत नाही. भाव काढताना तो धरला असेल तर तेवढाही खड्डा. शुल्क नसतानाही शिपिंग बिलात रोडटेपचा दावा केल्याची खूण करायची राहून गेली तर तो मिळत नाही. ही चूक शुल्कापेक्षा जास्त वेळा होते.

कांदेनवमी

एवढं कशाला. एमईपी आली तर कागदावर तेवढा भाव दाखवायचा आणि फरक नंतर खरेदीदाराला परत करायचा. बाजारात सगळं चालतं.

हिशेबवही

चालत नाही. शिपिंग बिलावरची प्रत्येक रक्कम निर्यातीचे पैसे आले का ते बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत बँकेसमोर उभी असते. तेवढे डॉलर आले नाहीत तर बिल उघडं राहतं आणि बँक पुढची कागदपत्रं अडवते. डॉलर येऊन फरक आडमार्गाने परत गेला तर तो फेमाचा (परकीय चलन कायदा) भंग. एखादा व्यापारी धंदा बंद करून दुसऱ्या नावाने सुरू करतो. शेकडो सभासदांच्या उत्पादक कंपनीला ते जमणार नाही, जमूही नये.

राजपत्र

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

बंदीला एलईओची तारीख हा एकच निकष नसतो. बंदीच्या अधिसूचनेतच लिहिलेलं असतं की वाटेतला कोणता माल सोडायचा. ७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना नमुना म्हणून वाचा. तीन प्रकारचा माल सोडला होता: ज्याचं जहाजावर भरणं अधिसूचनेआधी सुरू झालं होतं तो, ज्याचं शिपिंग बिल भरलेलं होतं आणि जहाज बंदरात लागून किंवा नांगर टाकून त्याला रोटेशन क्रमांक (जहाजाच्या त्या फेरीचा नोंद क्रमांक) मिळालेला होता तो, आणि जो आधीच कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या यंत्रणेत नोंदला गेला होता तो. या सवलतीलाही ५ जानेवारी २०२४ ची मुदत होती.

यात कसारा घाट कुठेच नाही. रस्त्यावरचा कंटेनर, गोदामात भरलेल्या गोण्या, आगाऊ घेतलेले पैसे, यांतलं काहीही धरलं जात नाही. तिसऱ्या अटीसाठी बंदराच्या किंवा सीएफएसच्या (बंदराबाहेरचं कंटेनर केंद्र) संगणकावरची, तारीख आणि वेळ असलेली गेट-इन नोंद हाच पुरावा. ती पावती सीएचएकडे न ठेवता त्याच दिवशी आपल्याकडे मागवून घ्या.

चाळकरी

तिघांचेही आभार. मग लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, घेतलं तर? बँकेतले एकजण म्हणाले की बंदीआधी एलसी उघडलेली असेल तर माल जातो.

राजपत्र

अर्धं खरं आहे. विदेशी व्यापार धोरण २०२३ च्या परिच्छेद १.०५ मध्ये तशी सोय आहे: निर्बंधाआधी उघडलेली अपरिवर्तनीय एलसी असेल आणि निर्बंध आल्यापासून १५ दिवसांत ती डीजीएफटीच्या विभागीय कार्यालयात नोंदवली, तर तिच्यात शिल्लक असलेल्या मालापुरती परवानगी. पण सरकार अधिसूचनेतच "परिच्छेद १.०५ लागू नाही" असं लिहू शकतं. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या बंदीत नेमकं तसंच लिहिलं होतं. एलसी पैशाच्या सुरक्षिततेसाठी घ्या. बंदीवरचा उतारा म्हणून तिच्यावर विसंबू नका. आणि शुल्काच्या बाबतीत तर एलसीचा काडीचा उपयोग नाही, तिथे कलम १६.

अधिसूचनेची वेळही बघा, तारीख पुरेशी नाही. १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लागलं, ती अधिसूचना ई-राजपत्रावर रात्री पावणेनऊच्या सुमारास चढली. त्या दिवशी आधीच अटारीला कागद सादर केलेल्यांकडूनही शुल्क मागितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते नाकारलं, चढवल्याची वेळ महत्त्वाची धरली. खटला आयातीचा होता, पण एलईओवरची वेळ जपून ठेवायला तेवढं कारण पुरे.

गेटइन

त्याला जोडून: ई-राजपत्र शनिवारी-रविवारीही उघडून बघा. १९ ऑगस्ट २०२३ चं ४० टक्के शुल्क, २८ ऑक्टोबर २०२३ ची ८०० डॉलरची एमईपी, ४ मे २०२४ ला बंदी उठून आलेली ५५० डॉलरची एमईपी, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क काढल्याची २२ मार्चची घोषणा, चारही शनिवार. सप्टेंबर २०१९ ची बंदी तर रविवारी आली.

तुमच्या वेळापत्रकाबद्दल स्पष्टच बोलतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकच भाव, हा सौदा मी तरी तुम्हाला करू देणार नाही. अलीकडची आवळणी बघा: १३ सप्टेंबर २०१९ ला ८५० डॉलरची एमईपी आणि २९ ला बंदी, १४ सप्टेंबर २०२० ला बंदी, २०२३ मध्ये ऑगस्टला शुल्क, ऑक्टोबरला एमईपी, डिसेंबरला बंदी. सगळं ऑगस्ट ते डिसेंबरात. कारण उघड आहे. चाळीतला उन्हाळ कांदा तेव्हा संपत आलेला आणि सडत असतो, खरिपाचा लाल कांदा पावसाच्या भरवशावर, आणि सणासुदीला शहरात भाव चढलेला. सैल होतं ते बहुधा लाल किंवा नवा उन्हाळ बाजारात ओसंडायला लागल्यावर, नाहीतर मतदान जवळ आल्यावर. १३ सप्टेंबर २०२४ ला एमईपी काढून शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं, तेव्हा विधानसभा दोन महिन्यांवर होती.

बाजारातली एक खूण सांगतो. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी सरकारसाठी साठवलेला राखीव कांदा शहरांत स्वस्तात विकायला निघाला की पुढची पायरी निर्यातीची असू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्क लावल्यानंतर तीनच दिवसांत सरकारने आणखी २ लाख टन २,४१० रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर केलं होतं. दोन्ही हात एकदम चालतात.

चाळकरी

तर तिसरा प्रश्न. "फोर्स मेजर"चं (हाताबाहेरच्या कारणाने करारातून सुटण्याचं) कलम घातलं आहे, त्यात "सरकारी निर्बंध" हा शब्द आहे. पुरेल का?

राजपत्र

बंदीला पुरेल, शुल्काला नाही. बंदी आल्यावर माल पाठवणं बेकायदा ठरतं, म्हणून करारातून सुटता येतं. शुल्क आल्यावर माल पाठवता येतो, फक्त तोटा होतो. तोटा होतो म्हणून करार अशक्य झाला असं भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ खाली मानत नाहीत, आणि तुमच्या करारात सिंगापूर किंवा इंग्लंडचा कायदा असेल तर तिथेही हीच अडचण. एमईपी तर मधली: तुमचा भाव तिच्याखाली असेल तर माल जाऊ शकत नाही, पण खरेदीदार म्हणू शकतो की भाव वाढवून पाठवा.

म्हणून तीन वेगळी वाक्यं हवीत. बंदी आली तर न गेलेल्या खेपा कोणाच्याही भरपाईविना रद्द, आगाऊ रक्कम ठरलेल्या दिवसांत परत. एमईपी आली तर भाव तिथपर्यंत वाढेल किंवा खरेदीदार ती खेप सोडेल, निर्णय ४८ तासांत. शुल्क आलं तर वर हिशेबवहींनी दिलेल्या सूत्राने नवा एफओबी भाव. सूत्र करारात उदाहरणासकट छापा. आणि "निर्णायक तारीख एलईओची" हे शब्द घाला, नाहीतर खरेदीदार करारावरची तारीख दाखवेल.

हिशेबवही

आणि तीन महिन्यांऐवजी खेपेगणिक भाव. फार तर १५ दिवसांचा. सहा कंटेनरचा माल एकदम प्रतवारी करून गोण्यांत भरून ठेवू नका. बंदी आली तर जाळीच्या गोणीतला ५५ मिमीचा निवडक कांदा बाजार समितीत सुट्या कांद्याच्याच भावाने जातो, गोणी आणि निवडणीची मजुरी बुडते. एक कंटेनर बंदरात, एक भरणीत, बाकी चाळीत.

चाळकरी

करार बदलायला पाठवला. खेपेगणिक भावाला खरेदीदार तयार आहे, सूत्रावर घासाघीस चालू आहे. शेवटचा प्रश्न: शुल्क भरून माल गेला आणि तिकडे कोंब फुटल्याच्या तक्रारीवरून परत आला तर शुल्क मिळतं का?

गेटइन

मिळतं, कलम २६ खाली. माल विक्रीने परत आलेला नसावा, निर्यातीपासून वर्षाच्या आत आलेला असावा, आणि परत आलेला माल कस्टम्सने सोडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा. पण कोंबाचा कांदा परत आणायचं भाडं शुल्काएवढंच पडेल. त्यापेक्षा भरणीच्या दिवशी फायटोसाठी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र) आलेल्या अधिकाऱ्याला उरकू देऊ नका, दहा गोण्या उघडायला लावा. आणि प्रमाणपत्रावरचा गोण्यांचा आकडा आणि कंटेनर क्रमांक शिपिंग बिलाशी जुळतो का ते गाडी सुटण्याआधी स्वतः वाचा. एक अंक चुकला तरी एलईओ एक दिवस पुढे जाते, आणि तो एक दिवस शनिवार निघू शकतो.