शब्दचर्चा : 'ग्राउंडहॉपिंग'ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर वेल्समधल्या बाला गावच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर सामना पाहिला. त्यावर मराठीत लिहायला घेतलं आणि 'ग्राउंडहॉपिंग'पाशी अडलो. गावोगाव हिंडत, प्रत्येक वेळी नव्या मैदानावर सामना बघायचा आणि ते मैदान यादीत नोंदवायचं, असा हा छंद आहे. ब्रिटन आणि जर्मनीत तो चांगला रुजला आहे. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींतल्या ९२ क्लबांची मैदानं पूर्ण करणाऱ्यांची '९२ क्लब' नावाची संस्था १९७८ पासून आहे.

नुसतं मैदान पाहून येणं यात चालत नाही, सामना व्हायलाच हवा. काही जण पूर्ण ९० मिनिटं थांबल्याशिवाय मैदान धरत नाहीत, काही जण गोलशून्य बरोबरी सुटली तर पुन्हा जातात. म्हणून 'मैदान-पर्यटन' मला पटत नाही. 'मैदानभ्रमंती' कानाला बरा लागतो, पण त्यात सामना कुठेच नाही. तुम्ही काय म्हणाल?

---

'मैदानवारी' म्हणावं. भक्ती आहे, नेम आहे, पायपीट आहे.

---

वारी नको. वारकरी दरवर्षी त्याच पंढरीला जातो, त्यात त्याला आनंद आहे. एकाच क्लबच्या मागे आयुष्यभर उभा राहणारा बालाचा गावकरी वारकरी म्हणता येईल. हा छंदी माणूस मात्र दर वेळी नवं ठिकाण शोधतो. ९२ पूर्ण करणाऱ्यांना अष्टविनायकासारखी 'यात्रा' चालेल, कारण तिथं संख्या ठरलेली असते. इतरांची यादी संपतच नाही.

---

नाम कशाला शोधता? क्रियापद आपल्याकडे तयार आहे. गिर्यारोहक विचारतात ना, 'राजगड केलास का?' तसं 'बाला केलं', किंवा वेल्समधल्याच दुसऱ्या गावाबद्दल 'पोर्थमॅडॉग राहिलंय' असं सरळ म्हणावं. 'केलं' या एका शब्दात जाणं, नियम पाळणं आणि नोंद ठेवणं हे सगळं येतं. पायथ्यावरून परतलेला माणूस 'किल्ला केला' म्हणत नाही, तसंच सामना रद्द झाला तर मैदान 'झालं' नाही. छंदाचं नाव लागलंच तर 'मैदानं करणं'.

---

हे फार आवडलं. शिवाय 'करणं' मैदानाला लागतं, क्लबला नाही, आणि छंदातही हिशेब मैदानाचाच असतो. २०१३ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत बाला टाउनने एस्टोनियातल्या तालिनच्या लेवाडिया क्लबला हरवलं तो घरचा सामना बालात झालाच नाही, ऱ्हिल शहरात झाला. तो पाहिलेल्याचं ऱ्हिल झालं, बाला राहिलं.

बाला टाउननेच २०१७ साली 'द न्यू सेंट्स' या क्लबला २-१ हरवून वेल्श कप जिंकला. गावाची वस्ती दोन हजारांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या विजयाचं मोल कळतं.

---

'स्टेडियम' हा शब्द मात्र कृपा करून वापरू नका. वेल्श लोक आपल्या मैदानांना जमिनीची नावं देतात. 'काय' म्हणजे शेत किंवा कुरण, 'माइस' म्हणजे मोकळं मैदान. बालाचं मैदान 'माइस तेगिद', शेजारच्या तेगिद तळ्यावरून. हे वेल्समधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. खुद्द 'बाला'चा अर्थच तळ्यातून पाणी बाहेर पडतं ती जागा असा आहे, आणि तिथूनच डी नदी पुढे वाहते. पोर्थमॅडॉगच्या मैदानाचं नाव 'अ त्राइथ', म्हणजे पुळण. १८११ मध्ये तिथं कॉब नावाचा बांध पुरा झाला आणि खाडीची रेताड जमीन कोरडी पडली. आज तिच्यावर चेंडू खेळतो, नावात मात्र पुळण टिकली आहे. आपल्या कोकणातल्या खाजणाची आठवण असणाऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

---

उच्चाराचं काय? तळ्याला वेल्शमध्ये 'ल्हिन तेगिद' म्हणतात ना?

---

'ल्ह' लिहिलं तर वाचकाला निदान दिशा कळते, पण 'कोल्हा'तला 'ल्ह' तो नव्हे. जीभ 'ल'च्या जागी टेकवून, घशातून आवाज न काढता, बाजूने हवा सोडायची. देवनागरीत याला अक्षर नाही. मी 'ल्ह'च लिहितो आणि पहिल्या वेळी कंसात उच्चार समजावतो.

---

एक अडचण राहतेच. 'द न्यू सेंट्स' वेल्सच्या लीगमध्ये खेळतात, पण त्यांचं पार्क हॉल मैदान ऑस्वेस्ट्रीत आहे, म्हणजे सीमेपलीकडे इंग्लंडात. तिथला सामना पाहिला तर वेल्समधलं मैदान केलं म्हणायचं का?

---

'वेल्श लीगमधलं मैदान' म्हणा, 'वेल्समधलं' म्हणू नका. मराठीत हा फरक एका शब्दाने सांगता येतो, तो जपायला हवा.