विषय: हॉलमागच्या वस्तीबद्दल मंडळाची सही

सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

इथे सिएटलजवळ आपण ज्या हॉलमध्ये गणपती बसवतो, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बेघर लोकांसाठी छोट्या लाकडी घरांची वस्ती करायचा प्रस्ताव आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांनी विरोधाचं निवेदन काढलंय आणि मंडळाची सही मागितली आहे. रविवारची मराठी शाळा तिथेच भरते, त्यामुळे पालकांचे बरेच फोन आले. शुक्रवारपर्यंत कुणाची हरकत आली नाही तर मंडळातर्फे सही करून टाकतो.

सभासद, केंट (सध्या छत्रपती संभाजीनगर)

सचिवभाऊ, माझी हरकत आहे. आईकडे आलेय, इथूनच लिहितेय. जरा लांबेल, पण सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

पालकांची काळजी मला कळते, माझा मुलगाही त्याच शाळेत येतो. पण ही माणसं आत्ताही तिथेच आहेत. हॉलच्या मागे ताडपत्रीखाली झोपतात, ना दिवा, ना संडास. वस्ती झाली तर दार असलेली खोली, नळ आणि देखरेखीला माणूस तरी मिळेल. मुलांच्याच काळजीनं बघितलं तरी वस्ती झालेली बरी.

सिएटलनं बेघरांच्या प्रश्नावर आणीबाणी जाहीर केली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीची लोकसंख्या २०१० मध्ये १९.३ लाख होती, २०२० मध्ये २२.७ लाख झाली. त्या लोंढ्यात आपल्यातले कितीतरी जण आले, चांगल्या पगारावर आले. भाडी चढली, आणि ज्यांच्या गाठीशी काही नव्हतं ते आधी रस्त्यावर आले. त्यांच्यात कृष्णवर्णीय इतके जास्त का, हेही विचारा. अमेरिकेच्या लोकसंख्येत ते साधारण १३ टक्के, बेघरांत मात्र जवळजवळ एक तृतीयांश. सिएटलमध्ये कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतांतच लिहिलेलं असायचं की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. अनेक खतांत आशियाईही होते, म्हणजे आपणसुद्धा. घर देताना भेदभाव नको, हा ठराव १९६४ साली शहराच्या मतदारांनी दुपटीहून जास्त मतांनी पाडला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल १९६८ मध्ये नगर परिषदेनं तो कायदा केला. तोवर आजोबाचं घर झालं नाही, म्हणून बापाकडे काही आलं नाही, म्हणून नातवाचं भाडं थकलं की मागे उभं राहायला कुणी नाही.

हे मला परकं वाटत नाही. आईच्या बिल्डिंगसमोर, बीड बायपासला, नवं बांधकाम चाललंय. पत्र्याच्या कुंपणाला लागून पाच-सहा पालं आहेत. त्यातल्या एका बाईशी रोज सकाळी बोलणं होतं. परभणीकडची, नवरा-बायको दोघं बिगारी. तिनं परवा मला प्लॅस्टिकची पिशवी उघडून दाखवली. आत आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सगळ्यात खाली, घडी पडून फाटायला आलेल्या, सासऱ्याच्या नावाच्या दंडाच्या पावत्या. गायरानावर अतिक्रमण केलं म्हणून भरलेला दंड! त्या पावत्या ती जिवापाड जपते, कारण ती जमीन आपण कसत होतो याचा तेवढाच पुरावा तिच्याजवळ आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ चा. सासरा वारला, सातबारावर नाव काही चढलं नाही. स्वतःची जागा नाही म्हणून गावात घरकुल बसत नाही. शहरात खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग "कालच दिली हो" म्हणतात.

हे शहरही झपाट्यानं वाढलं. सत्तरच्या दशकात सिडको आली, १९८५ ला बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आता शेंद्र्याला ऑरिक ही नवी उद्योगनगरी. ज्यांनी स्लॅब टाकले ते मात्र कुंपणाच्या कडेलाच राहिले. एक लाख लोकांमागे शंभर जणांचा निवारा असावा असा निकष केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानानं घालून दिला होता. २०११ ला इथली लोकसंख्या ११.७५ लाख होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबानं अकराशेहून जास्त जागा लागतात. त्या बाईला एकही निवारा माहीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्यांना पिढ्यान् पिढ्या जमिनीचा कागद मिळू दिला नाही, त्यांना आपण "इथे नको" असं लिहून देऊ नये. विरोधाच्या पत्रावर मंडळाची सही नको.

सभासद, रेडमंड

ताई, तुम्ही लिहिलंय ते मनाला लागलं. तरी मला पूर्ण पटलेलं नाही. व्यसनी माणसं आली तर? शाळेचं दार मागच्याच बाजूला आहे. दया एका जागी, पण मुलगी सात वर्षांची आहे माझी.

ज्येष्ठ सभासद, मूळ औसा तालुका

बाळा, तुझी भीती रास्त आहे. शाळेचं दार पुढून करून घेऊ, हॉलवाल्यांशी मी बोलतो. व्यवस्थापनाचे नियमही लेखी मागू.

ताईच्या पत्रात एक भर घालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचा वाडा पडला, तसंच आमच्या सालगड्याचं घरही पडलं. माणसं दोन्हीकडची गेली. पुनर्वसनात घरं दिली ती जमिनीच्या हिशोबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. आम्हाला ७५० मिळालं. सालगड्याच्या घरात माणसं आमच्यापेक्षा जास्त, त्याला २५०. त्याच्या जातीत जमीन कुणाच्याच नावावर नव्हती. सरकारनं, जागतिक बँकेनं मदत केली, चांगल्या मनानं केली. पण जुनी उतरंड नव्या गावात सिमेंटमध्ये पक्की झाली. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

आणखी एक. इथे वॉशिंग्टन राज्यानं २०२३ साली कायदा केला. घराचे दस्त नोंदवताना शंभर डॉलर जादा घेतात, आणि त्या पैशातून, खरेदीखतांतल्या त्या जुन्या अटींमुळे ज्यांच्या घराण्याला घर घेता आलं नाही त्यांना पहिल्या घरासाठी मदत देतात. अलीकडे घर घेतलेल्यांनी आपले कागद काढून बघा, ते शंभर डॉलर बहुतेक तुम्हीही भरले असतील.

या प्रस्तावाच्या सुनावणीला मी जाणार आणि वस्तीच्या बाजूनं बोलणार. मंडळाच्या नावानं बोलू की स्वतःच्या, ते कार्यकारिणीनं सांगावं.

सचिव, कार्यकारिणी

अण्णा, ताई, सही थांबवली आहे. रविवारी शाळा सुटल्यावर बैठक घेऊ. विरोधाचं निवेदन आणि वस्तीचा आराखडा दोन्ही छापून आणतो. रेडमंडच्या दादांनी जरूर यावं, मागच्या दाराचा विषय आधी घेऊ.

सभासद, केंट

मी फोनवरून बैठकीला असेन. दुसरा विषयही घ्या: दिवाळीच्या निधीतून दरवर्षी इकडे ब्लँकेटं पाठवतो, त्याऐवजी यंदा गायरानाच्या दाव्यांसाठी परभणीत वकिलाची फी देता येईल का? त्या बाईला विचारलं, ती म्हणाली, ब्लँकेट आहे, तलाठ्याकडे जायला सोबत कुणी नाही.