भटकी कुत्री उचलायची की लस टोचून तिथेच ठेवायची?

तळ्याकाठचा
बाजाराच्या दिवशी एकाच कुत्र्याने चौघांना फोडलं, त्यात एक शाळकरी पोरगी, गालावर चावलं. आता नगरपंचायतीत परत तीच चर्चा. माझं म्हणणं सरळ आहे, गाडी आणा, सगळी भरा आणि घाटाखाली सोडून या. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय ना, शाळा, हॉस्पिटलं, एसटी स्टँडवरची कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका म्हणून.

उंबरठा
काका, अर्धवट सांगू नका. शेल्टरमध्ये ठेवा म्हटलंय, घाटाखाली सोडा नाही. आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं ऑगस्टमध्येच सांगितलंय, नसबंदी करा, लस द्या, उचललं तिथेच सोडा, पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं असेल तर सोडू नका. घाटाखाली काय माणसं राहत नाहीत का? चिकनवाल्यांच्या मागे आतडी-पिसं पडतात तिथे आठ दिवसांत दुसरी कुत्री येणार, तीही बिनलशीची. तो उकिरडा आधी बंद करा की.

तळ्याकाठचा
कागदावर सगळं झकास असतं हो. नसबंदीची बिलं निघतात, पण आमच्या वॉर्डात नसबंदीची कानाला खूण केलेलं एक कुत्रं दाखवा, जेवण माझ्याकडून. शेल्टर बांधायला पैसे कोण देणार, तुम्ही?

बांदेकर_भाऊ
आम्ही गोव्याच्या वेशीवर, म्हणून सांगतो. तिथे मिशन रेबीज या संस्थेची पोरं जाळी घेऊन फिरतात, पकडलं, टोचलं, अंगावर रंगाची खूण केली, सोडलं, पुढचं. वर्षाला साधारण ९५,००० कुत्री. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस असली की रोगाला पसरायला जागाच उरत नाही, असा तो हिशोब. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, आणि हे कुत्री न हलवता.

तळ्याकाठचा
रेबीज आटोक्यात आला, मान्य. पण चावे थांबले का तिथले? पोरीच्या गालाला टाके पडले त्याचं काय?

सिस्टर_ताई
टाके लगेच घातले असतील तर ते चूक आहे, शक्यतो घालत नाहीत आणि घालावेच लागले तर आधी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यायचं. मी सरकारी दवाखान्यात आहे, तुमचं भांडण चालू द्या पण जखम घेऊन येणारा माणूस मी रोज बघते. हळद भरलेली, चुना लावलेला, एकाने तर मिरचीपूड दाबून वर फडकं बांधलेलं. अरे बाबांनो, नळाखाली धरा, साबण लावा, १५ मिनिटं, घड्याळ लावून! मग दवाखाना. पोटात १४ इंजेक्शनं कधीचीच बंद झाली, आता दंडात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर लशीबरोबर ते इम्युनोग्लोब्युलिनही लागतंच, कारण लशीचा जोर यायला वेळ लागतो तोवर हेच आडवं उभं राहतं. आणि तेच आमच्याकडे नसतं, पेशंट जिल्ह्याला पाठवावा लागतो, निम्मे जातच नाहीत.

नाना_शेतावरून
लस घेऊनही पोरं गेलीच की केरळात. मग आमच्या गावचा उतारा देणारा काय वाईट?

सिस्टर_ताई
नाना, चेहरा-डोक्यावरचा चावा मेंदूच्या जवळ, विषाणूला वाटच कमी, तिथे तासाला किंमत आहे. म्हणून अशा वेळी तर जास्तच पळायचं. उताऱ्याने बरा झालेला म्हणजे ज्याला चावलेलं कुत्रं पिसाळलेलंच नव्हतं. बुलंदशहरचा तो कबड्डीपटू आठवतो ना, २०२५ चा? नाल्यातून पिल्लू काढताना बोटाला दात लागला, लस घेतली नाही, गेला. एकदा पाण्याला घाबरायला लागला की आमच्या हातात काही राहत नाही.

उंबरठा
आणि ते 'कुत्रं दहा दिवस बघू, जिवंत राहिलं तर सोडून देऊ' म्हणतात ते?

सिस्टर_ताई
बघा ना, पण पहिला डोस घेऊन. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर पुढचे डोस डॉक्टर थांबवतील.

नाना_शेतावरून
बरं हे सांगा, म्हैस पिसाळली तर दूध प्यायलेल्या सगळ्यांनी टोचून घ्यायचं का? मागे आमच्याकडे बारशाचा चहा प्यायलेली अख्खी वाडी रांगेत होती 😄

सिस्टर_ताई
उकळलेल्या दुधाने होत नाही. तिच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याने मात्र यायचं, लगेच.

तळ्याकाठचा
सोमवारी ठराव येतोय, मी कुत्री उचलण्याच्याच बाजूने हात वर करणार, आधीच सांगतो. ताई, त्या इम्युनो-का-कायचं नाव आणि किती बाटल्या लागतील ते नीट लिहून द्या, त्याच अर्जात घालतो.

उंबरठा
त्याला माझी सही घ्या. पहिल्याला नाही.