पीएफ थकवणं ही 'अडचण' नाही: रबाळ्याच्या कारखानदाराला उत्तर

कळवेकर:
काल रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने लिहिलं की मोठ्या कंपन्या बिलं तीन-तीन महिने अडवतात म्हणून पीएफ भरायला उशीर होतो, आणि त्यावर व्याज-दंड लावून सरकार लघुउद्योग मारतंय. वर ठेकेदाराने बुडवलेलंही म्हणे ह्यांच्याच माथी! खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

पगारातून १२ टक्के कापले की ते पैसे कामगाराचे. ते तुमच्या खेळत्या भांडवलात धरायचेच नाहीत. कापून न भरलेला पीएफ म्हणजे फौजदारी विश्वासघात, हे जुन्या दंड संहितेच्या कलम ४०५ मध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढच्या महिन्याची १५ तारीख चुकली की १२ टक्के व्याज, शिवाय उशिराचा वेगळा दंड. तो पूर्वी वर्षाला २५ टक्क्यांपर्यंत जायचा, जून २०२४ मध्ये महिन्याला १ टक्क्यावर आणला. अजून किती सवलत हवी?

माझे वडील वागळे इस्टेटला लेथवर होते. स्लिपवर पीएफची कपात दर महिन्याला छापून यायची. कारखाना बंद पडल्यावर फॉर्म भरला, तेव्हा कळलं की शेवटची काही वर्षं चलानच भरलेलं नव्हतं. त्याच काळात मालकाने शेजारचा गाळा विकत घेतला होता.

महापे_लघुउद्योजक:
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण एका लबाडावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. महिनाअखेरीला हातात जे असतं त्यात एक तर पगार होतो, नाहीतर चलान. पोरांचा पगार थांबवू? वीजबिल थांबवलं तर लाइन कापतात. हेतू वाईट नसताना दंड कसला?

सीए_ठाणे:
हेतूचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच निकाली काढलाय. उशिराच्या दंडासाठी वाईट हेतू दाखवावा लागत नाही, उशीर झाला एवढं पुरे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालाने, कामगाराचा हिस्सा मुदतीनंतर भरणाऱ्यांची प्राप्तिकरातली वजावटही गेली. आणि ४५ दिवसांत बिल न देणाऱ्या कंपनीविरुद्ध सरकारच्या लघुउद्योग तक्रार पोर्टलवर का जात नाही? रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळतं.

महापे_लघुउद्योजक:
तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. एसीत बसून हे कळत नाही.

तुर्भे_ट्रान्सपोर्ट:
पीएफचं सोडा, माथाडीच्या लेव्हीचं, म्हणजे हमालांच्या मजुरीवर वेगळ्या भरायच्या टक्केवारीचं बोला. माथाडी बोर्डात नोंदणी केली, मजुरी-लेव्ही भरली, तरी गेटवर दुसरीच टोळी उभी. माल क्रेनने उतरला, एकाने हात लावला नाही, तरी पैसे टाका! मी लेव्ही भरणं बंद केलं.

एपीएमसी_माथाडी:
तोंड सांभाळून. खंडणी मागतो तो गुंड, माथाडी नव्हे. त्याच्यावर गुन्हा नोंदवा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. हमालाला एक मालक नसतो, आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा कायदा आणायला लावला. आमचा पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, दवाखाना सगळं त्या लेव्हीतून. ५० किलोची गोण वाहून माझ्या मानेवर घट्टा पडलाय. तुम्ही लेव्ही थांबवलीत तर गुंडाचं काय बिघडतं? आमचं बिघडतं.

तुर्भे_ट्रान्सपोर्ट:
भाषण नको. 'ज्याचा माल त्याचा हमाल', म्हणजे मालवाल्यानेच हमाली द्यायची, हे मान्य आहे का? वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, ड्रायव्हरच्या भाड्यातून का कापता?

एपीएमसी_माथाडी:
ड्रायव्हरकडून घेऊ नये, मान्य. व्यापाऱ्याने द्यावी. पण लेव्ही थकवायला ते कारण होत नाही. बोर्ड ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतं, तेव्हा ओरडू नका.

तुर्भे_ट्रान्सपोर्ट:
निदान कुणीतरी कबूल केलं. व्यापारी कबूल करतील तेव्हा बघू.

ऐरोलीची_वहिनी:
तुमचं वाराईचं भांडण संपलं असेल तर माझं ऐका. माझे धाकटे दीर एका कंपनीत हाउसकीपिंगला होते, ठेकेदारामार्फत. अचानक गेले. पीएफसोबत ७ लाखांपर्यंतचा विमा असतो म्हणून जाऊबाई गेल्या, तर पीएफच्या पासबुकात मधले महिने कोरे. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन उचलत नाही. कोण जबाबदार?

सीए_ठाणे:
वहिनी, कंपनीला हात झटकता येत नाहीत. पीएफच्या नियमांप्रमाणे ठेकेदाराच्या माणसांचं भरायची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कंपनीची. मग त्याने ते ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावं, कायद्यात तशी तरतूदच आहे. वाशीच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या, किती थकलं ते ठरवायची चौकशी मागा.

महापे_लघुउद्योजक:
हे मला पटत नाही. ठेकेदाराला मी पूर्ण बिल दिलेलं असतं, मग दोनदा का भरू?

कळवेकर:
बिल पास करण्याआधी चलान बघायचं. बँकेचा हप्ता चुकवत नाही ना? २००९ मध्ये आपल्याच साखर कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बँकेकडे गहाण असलेल्या साखरेच्या पोत्यांवरही पीएफचा हक्क आधी.

महापे_लघुउद्योजक:
बँकेकडे माझं राहतं घर गहाण आहे, कळवेकर. ठीक आहे, कामगाराचा कापलेला हिस्सा आधी भरायला हवा, एवढं मान्य. माझ्या हिश्श्यावरच्या दंडाला विरोध कायम.

ऐरोलीची_वहिनी:
स्लिपा कधी दिल्याच नाहीत. बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि कंपनीच्या गेटचा पास आहे. चालेल का?

सीए_ठाणे:
चालेल. दोन्हींच्या प्रती जोडा, तक्रारीत ठेकेदार आणि कंपनी दोघांची नावं घाला, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.