ऑनलाइन शाळा : मुलाला स्वतःचे काम स्वतः आखायला कसे शिकवावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे आणि यंदा जूनपासून त्याची शाळा घरातच भरते आहे. विषय समजत नाही अशी त्याची तक्रार नाही. हडप्पा संस्कृतीतील नगररचना तो व्यवस्थित समजावून सांगतो. घोडे अडते ते काम सुरू करण्यात आणि तडीस नेण्यात. परवा इतिहासाची उत्तरे त्याने वेळेत लिहिली, वहीच्या पानांचे फोटोही काढले. पण ते मोबाइलच्या गॅलरीतच राहिले आणि बाईंच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा आला.

केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबाबतच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका घ्यायच्या होत्या. डोळ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, परंतु उरलेला दिवस कोणी आखायचा? तासाची घंटा, फळ्यावर लिहिलेला गृहपाठ आणि आपल्या आधी वही उघडणारा शेजारचा मुलगा यांच्या आधाराने वर्गात जे आपसूक होत असे, ते सारे आता त्याच्या एकट्यावर येऊन पडले आहे. सूचना लक्षात ठेवणे, मनाला आवर घालणे, ऐनवेळी बेत बदलणे या क्षमतांना मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात, आणि त्यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडल्यावरही विकसित होत असतो. त्यामुळे त्याला आळशी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. (घरातील ज्येष्ठांना पटते.)

गृहपाठ कधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर, कधी गूगल क्लासरूमवर, तर कधी तास संपताना तोंडी सांगितला जातो. तो आम्ही एकाच वहीत उतरवतो आणि प्रत्येक कामापुढे ‘पाठवले’ अशी वेगळी चौकट ठेवतो. ‘पाठाची उत्तरे लिही’ असे म्हटले की तो टाळाटाळ करतो. ‘वही काढ आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाच’ एवढेच सांगितले तर बसतो. भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही, बहुधा ते मी आखले म्हणून.

मी शेजारी असेपर्यंत हे सगळे चालते. मी माझ्या मीटिंगला बसले की थांबते. हा आधार कोणत्या क्रमाने आणि किती सावकाश काढून घ्यावा? पंधरा दिवसांनी द्यायच्या प्रकल्पाचे टप्पे त्याच्याकडूनच कसे पाडून घ्यावेत? शिक्षक, समुपदेशक आणि या वयाच्या मुलांचे पालक यांनी स्वानुभव सांगावा. शिवाय सर्व गृहपाठ एकाच ठिकाणी द्यावा, अशी विनंती कोणी शाळेकडे करून ती मान्य झाली असल्यास, ती कशी मांडली हेही कृपया लिहावे.