मदत हवी आहे: तरंगफलन गुरुत्वाकर्षणामुळं कोसळतं का?

मंडळी, सोमवारी एमएस्सीचा सेमिनार आहे आणि काल रंकाळ्यावर भेळ खाताखाता मित्रानं पार गप्प केलं.

भौतिकशास्त्रज्ञ डिओसी आणि पेनरोज यांच्या (डिओसी-पेनरोज) कल्पनेत वस्तू एकाच वेळी दोन जागी असली की तिची दोन गुरुत्वक्षेत्रं जुळत नाहीत. हा फरक जितका मोठा तितकं तरंगफलन (वस्तूची क्वांटम अवस्था सांगणारं गणिती वर्णन) लवकर कोसळतं, म्हणजे वस्तू एकाच जागी ठरते. इथवर ठीक. पण कोसळताना विद्युतभारित कण थरथरले तर प्रारण निघायला हवं. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली जर्मेनियम डिटेक्टर लावून ते शोधलं, २०२० मध्ये निकाल आला: अपेक्षेइतकं नाहीच. म्हणजे डिओसींचं साधं रूप बाद.

मित्र म्हणतो पेनरोजही गेले. मला पटंना. त्यांनी कोसळण्याची गतिकीच (ते क्षणाक्षणाला कसं घडतं याचं समीकरण) दिलेली नाही, मग प्रारण कुठनं काढायचं? कुणी फोडून सांगेल का? समीकरणं चालतील, नुसत्या लिंका नकोत.