आधी गाडी सोडा, प्रश्न मग विचारा?

घाटावरचा: काल कुणीतरी रुग्णवाहिकेच्या फोनबद्दल लिहिलंय, '१०८ वाले प्रश्न विचारून माणूस मारतात, आधी गाडी सोडा.' त्यावर लाइकचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. तालुका, गाव, जवळची खूण, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे कळल्याशिवाय कुठली गाडी कुठे सोडायची? २०१४ ला सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर, त्यातल्या व्हेंटिलेटरवाल्या फक्त २३३. त्यातली एक गाडी बोट कापलेल्याकडे धाडली, तर शेजारच्या गावातल्या हार्ट अ‍ॅटॅकवाल्याने काय करायचं?

मोखाड्याची_माया: पुण्याच्या कॉल सेंटरात बसून विचारायला काय जातंय! आमच्याकडे एकाच नावाचे दोन-तीन पाडे, पाटी कुठेच नाही, रेंज टेकडीवर गेल्यावर. 'लँडमार्क सांगा' म्हणे. उंबराचं झाड सांगू?

घाटावरचा: सांगा की. सोबत आशाताईचा नंबर द्या. पाटी नाही हा दोष फोन उचलणाऱ्याचा का?

डॉक्टर_नाही_कंपाउंडर: ते राहू द्या. गाडीत डॉक्टर म्हणून बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदवाले बसवतात, त्याचं बोला. वाटेत दशमूलारिष्ट पाजणार का?

वैद्यबाई: आलात लगेच! रात्री दोनला घाटात जायला तयार असलेले एमबीबीएस आणा, आम्ही खुशाल उतरतो. चालत्या गाडीत बाळंतपणं केलीत मी, सलाइन लावलंय, सीपीआर दिलाय.

डॉक्टर_नाही_कंपाउंडर: ट्रेनिंग किती दिवसांचं झालं?

वैद्यबाई: तुमच्या एकूण शिक्षणापेक्षा जास्त.

डॉक्टर_नाही_कंपाउंडर: वैयक्तिक होऊ नका. करदाता म्हणून विचारतोय.

वैद्यबाई: दशमूलारिष्ट कोणी काढलं आधी?

बार्शीकर: तुमचं चालू द्या. माझ्या वडिलांचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना. फोनच केला नाही, भावाची बोलेरो काढली, जवळ पडतं म्हणून तालुक्याला नेलं. तिथे सीटी स्कॅन नाही. चिठ्ठी मिळाली, पुढे जा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी बघून. पोचेपर्यंत वेळ गेली होती. डावा हात आजही तसाच लटकतो. साप चावला तर जवळचं आरोग्य केंद्र बरोबर, तिथे लस असते. लकव्याला जवळचं नाही, सीटी असलेलं लागतं. हे ठरवायचं तर कुणीतरी आधी प्रश्न विचारायलाच हवेत.

मोखाड्याची_माया: बरं, विचारा प्रश्न, पण उत्तराचा उपयोग तरी करा! लकवा कळूनही पेशंट जवळच्या सरकारी दवाखान्यातच उतरवायचा, तर विचारलं कशाला? आमच्याकडे ग्रामीण, मग उपजिल्हा, मग थेट नाशिक. दर ठिकाणी नवा केसपेपर.

घाटावरचा: हे मान्य, झक मारत मान्य. पण खासगीत नेलं तर दारातच डिपॉझिट मागतात. आधी उपचार, बाकीचं नंतर, हा परमानंद कटारा निकाल सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच दिलाय. काउंटरवर सांगून बघा.

डॉक्टर_नाही_कंपाउंडर: वा, निकालाची झेरॉक्स खिशात ठेवतो. बीएएमएसचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

वैद्यबाई: आलंय. समजलं नसेल तर १०४ लावा, फुकट सल्ला देतात.